हात न लावता दुरुस्ती

सोमवार, १० फेब्रुवारी २००३
आलापल्ली

आज मला टीव्हीने उचलून फेकलं.

टीव्ही चालू असता तर समजण्यासारखं होतं. पण तो बंद होता. नुसता बंद नाही, त्याचा प्लग माझ्या डाव्या हातात होता. मी उजव्या हाताने आतला बोर्ड धरून वर उचलला, आणि त्यानंतरचं मला आठवतं ते छताचे पत्रे.

बावीस वर्षं मी रेडिओ दुरुस्त करतो. रेडिओत जाडजूड ट्रान्सफॉर्मर असतो. भिंतीतली वीज त्याच्या पलीकडे राहते, अलीकडे येते ती गरीब होऊन येते. या नव्या रंगीत टीव्हीत तो ट्रान्सफॉर्मर नाही, एसएमपीएस आहे. तो भिंतीतली वीज तशीच घरात घेतो आणि आधी एका मोठ्या कॅपेसिटरमध्ये तीनशे व्होल्ट भरून ठेवतो. हे मला माहीत होतं. प्लग काढल्यावर तो ते परत देत नाही, हे माहीत नव्हतं.

दुकान एक, पण अर्धं माझं आणि पडद्यापलीकडचं अर्धं खुर्शीदाचं, शिलाईचं. मी पडलो तो पडद्यासकट तिच्या लग्नाच्या ब्लाऊजांवर पडलो. समोरच्या चहाच्या टपरीवरून सुकलू पाहत होता. म्हणाला, "कय्यूमभाऊ, अंगासकट शिवाले पडले का?"

एक गोष्ट मनाला लागली. मी जमिनीवर डोळे फिरवून पडलो असताना खुर्शीदा आधी मेन स्विचकडे धावली. तो पाडला आणि मग नवऱ्याकडे आली. वीस वर्षांचा संसार आहे. मी बोललो नाही, पण लक्षात ठेवलं आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

घाबरलो वगैरे नाही. दुरुस्तीला आलेले तिन्ही टीव्ही वरच्या फळीवर ठेवले, ते धुळीमुळे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मी चंद्रपूरला मुबीन उस्तादांना सगळं कळवलं होतं. त्यांच्याकडेच मी काम शिकलो. आज चंद्रपूरच्या गाडीच्या कंडक्टरकडून त्यांची चिठ्ठी आली. हिंदीत आहे. शिव्या गाळून इथे मराठीत उतरवतो.

"साप मेला तरी त्याच्या तोंडात बोट घालत नाहीत. प्लग काढणं म्हणजे फक्त सापाचं शेपूट धरणं. मोठा कॅपेसिटर तासभरसुद्धा भरलेला राहतो, आणि ज्या सेटचा एसएमपीएस सुरूच होत नाही, त्याचा तर हमखास. म्हणून शंभराच्या बल्बच्या होल्डरला दोन लांब तारा लाव, नीट गुंडाळलेल्या, आणि त्या कॅपेसिटरच्या दोन टोकांना लाव. बल्ब भक्कन पेटून विझेल. विझला म्हणजे रिकामा झाला असं समजू नकोस, मीटर लाव. मीटर चालतो का ते आधी सेलवर पाहून घे. पेचकस आडवा टाकून ठिणगी काढायची नाही, त्यात बोर्डही जातो आणि डोळाही. अंगठी, घड्याळ काढ. खाली लाकूड आणि रबर. एक हात कामाला, दुसरा पाठीमागे, म्हणजे करंट छातीतून जाणार नाही. दुरुस्ती झाल्यावर सरळ प्लगात घालू नकोस, आधी बल्बच्या सिरीजमध्ये घाल, म्हणजे वीज बल्बमधून सेटला जाईल. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. आणि एकटा काम करू नकोस. जवळ असा माणूस ठेव ज्याला मेन स्विच कुठे आहे ते माहीत आहे. कोणाला करंट लागला तर त्याला धरायचं नाही. आधी मेन पाडायचा, मग माणसाकडे जायचं."

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. पडद्यापलीकडे पाहिलं. खुर्शीदा काज करत होती.

चिठ्ठी भिंतीवर चिकटवली. गिऱ्हाइकांना वाचायला बरी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बायकांना आपल्या कामाची गोडी लागली की बरं वाटतं. खुर्शीदा आज सारखी विचारत होती.

"अजी, त्या बल्बच्या तारा पहिले प्लसले लावाच्या का मायनसले?"

"कुठंबी. बल्बले का फरक पडते?"

"अन् दोन मोठे कॅपेसिटर असले तं?"

"तं दोघांलेबी वेगळं वेगळं. पण तुले कायले पाहिजे?"

"असंच. बसल्या बसल्या."

तिला असं विचारायची सवय आहे. रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे मला तीच वाचून देते, कारण तपकिरी आणि लाल माझ्या डोळ्याला एकच दिसतात. सुटलेली तार चिकटवायलाही मी तिला कधी कधी देतो, हात बारीक आहे म्हणून. बाकी तिचा जीव शिलाईत.

उद्यापासून टीव्हीच्या दुरुस्त्या घेणार आहे.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सुकलू त्याचा टीव्ही घेऊन आला. टपरीवर क्रिकेटमुळेच गर्दी होते, आणि शनिवारी मोठी मॅच. सेट मेलेला. मी झाकण उघडलं. बोट आत घातलं नाही, वरून पाहिलं. तेवढ्यात मला अंगठीची आठवण झाली, मग पाणी प्यावंसं वाटलं, मग लाईनीचा भरवसा नाही असं वाटलं.

"याले आराम पाहिजे, सुकलू," मी म्हणालो. "गरम झाला आहे आतून."

"बंद पडून चार दिवस झाले न भाऊ. गरम कुठून राहीन?"

"आतून म्हणतो मी."

तो गेला. मी दुपारी जेवायला घरी गेलो आणि नेहमीसारखा चारपर्यंत झोपलो. खुर्शीदा दुकानातच थांबली, ब्लाऊज द्यायचे होते म्हणे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सुकलूचा टीव्ही चालू झाला!

सकाळी खुर्शीदा म्हणाली, "अजी, एकदा लावून तं पाहा." मी लाकडी पट्टीने बटण दाबलं. चित्र, आवाज, रंग, सगळं. मी हातसुद्धा लावला नव्हता. दिवसभर विचार केला आणि मला पटलं की या यंत्रांना खरंच आराम लागतो. माणूस काय, बैल काय, बसून राहिला की उठतो. ही गोष्ट उस्तादांनाही माहीत नसणार.

शनिवार, ८ मार्च

आठ दिवसांत पाच टीव्ही आरामाने बरे झाले. तीन वरच्या फळीवरचे, एक शाळेचा, एक वनखात्याच्या विश्रामगृहाचा. मी पद्धत बसवली आहे. सेट आला की झाकण उघडायचं, "हं" म्हणायचं, आणि खुर्शीदाच्या बाजूला सावलीत ठेवायचा. माझ्या बाजूला ऊन येतं. तीन दिवस सांगायचे, बहुतेक दोन दिवसांतच होतो.

सुकलूने टपरीवर सगळ्यांना सांगून टाकलं आहे, "कय्यूमभाऊ हात न लावता दुरुस्त करते." काल अहेरीहून एक जण नुसता मला पाहायला आला होता.

गुरुवार, १३ मार्च

सोल्डरची रीळ अर्धी झाली. मी तर महिनाभर डागच दिला नाही. उंदीर असावेत. सापळा लावला.

खुर्शीदाने सायकलच्या जुन्या ट्यूब कापून, शिवून एक मोठी चटई केली आहे आणि मशीनखाली टाकली आहे. पाय दुखतात म्हणे. शंभराचा एक बल्बही खिळ्याला टांगून ठेवला आहे, लांब तारांचा. उजेडासाठी असेल. हातातल्या चांदीच्या बांगड्या काढून ठेवल्या. विचारलं तर म्हणाली, "कामात अटकते." चाळिशी आली की बायकांचे असे बदल होतातच.

शनिवार, २२ मार्च

आज खरं लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही.

रोज सकाळी ठरवतो की आज एक एसएमपीएस स्वतः उघडायचा. झाकण काढतो. तो मोठा काळा कॅपेसिटर समोर उभा दिसतो आणि माझा हात मनगटापासून थांबतो. बोटांना मुंग्या येतात. रेडिओ उघडताना असं होत नाही. लोक मला सलाम करतात तेव्हा बरं वाटतं. पण आराम हा उपाय नसला तर? एखादा सेट आरामाने बरा झालाच नाही तर मी काय करणार?

सापळ्यात उंदीर सापडत नाही.

बुधवार, ९ एप्रिल

सगळं लिहितो.

सकाळी अकराच्या सुमाराला वनरक्षक श्रावण मडावी धावतच दुकानात आला. छातीशी लोखंडी खोका धरलेला. पाठोपाठ निम्मा बाजार.

"कय्यूमभाऊ, वायरलेसचा पावर सप्लाय गेला. जंगल लागलं आहे."

तो धापा टाकत सांगत होता. मचाणावर लटारू आहे, आगीवर नजर ठेवणारा वनमजूर. वरून त्याला धूर कुठून कुठे चालला ते सगळं दिसतं. साहेब आणि मजूर खाली धुरात आहेत, त्यांना काहीच दिसत नाही. मधे डोंगर. लटारूचं बोलणं साहेबांपर्यंत पोचतं ते ऑफिसातल्या मोठ्या वायरलेसमधून. तो दोन दिवस बॅटरीवर चालवला, आज बॅटरीही बसली. जीप साहेबांबरोबर गेलेली. एका ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, तर तो ट्रॅक्टर मालक रोज धक्का मारूनच सुरू करतो असं निघालं.

"अन् सात बाया मोहफुलं वेचाले गेल्या आहेत तिकडंच," श्रावण म्हणाला. "लटारूची बायको मनकर्णाबी त्यातच आहे. तो वरतून पाहून राह्यला असन, पण सांगन कोणाले? भाऊ, तुमी तं हात न लावता दुरुस्त करता. करा."

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "याले दोन-तीन दिवस आराम..."

"आग आराम करते का, भाऊ?"

मी चार स्क्रू काढले. झाकण निघालं. आत एक नाही, दोन मोठे कॅपेसिटर, शेजारी शेजारी. मी हात पुढे केला. हात गेला नाही. मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या, उस्तादांच्या चिठ्ठीतून गाळलेल्या सगळ्या. तरी गेला नाही. कपाळावरचा घाम खोक्याच्या कडेवर पडला. पलीकडे खुर्शीदाची मशीन चालूच होती.

मग मशीन थांबली.

"अजी, सरका जरासे," खुर्शीदा म्हणाली.

मला वाटलं पाणी आणलं. तिच्या एका हातात ती ट्यूबची चटई होती आणि दुसऱ्या हातात खिळ्यावरचा बल्ब. चटई टाकून ती त्यावर उभी राहिली. ओढणी कमरेला घट्ट खोचली. श्रावणला विचारलं, "प्लग कुठी आहे?" त्याने वायर दाखवली. तिने प्लग सगळ्यांना दिसेल असा टेबलाच्या मधोमध ठेवला. मग मला म्हणाली, "तुमी मेन स्विचजवळ उभे राहा. मी पडली तं मले हात लावाचा नाई. आधी तो पाडाचा."

मी जाऊन उभा राहिलो.

तिने डावा हात पाठीमागे नेला आणि स्वतःच्या वेणीला धरून ठेवला. उजव्या हाताने बल्बची एक तार कॅपेसिटरच्या एका टोकाला अडकवली, मग दुसरी दुसऱ्या टोकाला टेकवली. बल्ब भक्कन पेटला. श्रावण मागे सरकला तो थेट सुकलूच्या पायावर.

"एक झाला," ती म्हणाली. दुसऱ्यालाही तसंच केलं. मीटर घेतला, टॉर्चच्या सेलवर लावून पाहिला, मग दोन्ही कॅपेसिटरवर. शून्य. पुन्हा लावला. शून्य.

"बाई, लवकर करा न," श्रावण रडकुंडीला आला होता.

"श्रावणभाऊ, घाई आगीले करू द्या. मी घाई केली तं इथी एक मुर्दा वाढन, अन् खोका तसाच राहीन."

फ्यूज चांगला होता. तिने वाकून वास घेतला. एका गरम होणाऱ्या रेझिस्टरच्या कुशीत करंगळीच्या पेराएवढा छोटा कॅपेसिटर होता. "हाच राह्यते," ती म्हणाली. "पाच सेटमधी हाच होता. बाजूचा रेझिस्टर याले भाजून भाजून वाळवून टाकते. मग एसएमपीएस उठतच नाई." माझ्याच डब्यातून तिने नवीन काढला, मायनसचा पट्टा कुठल्या बाजूला ते पाहून बसवला आणि डाग दिला. डाग माझ्यापेक्षा चांगला होता. हे लिहायला नको होतं, पण होता.

मग खोका सिरीजच्या बल्बमधून लावला. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. आतला पंखा फिरला. मीटरवर तेरा व्होल्टच्या वर आकडा आला, वायरलेसला लागतो तेवढा.

श्रावणबरोबर मीही ऑफिसात पळालो. का ते माहीत नाही, इथे उभं राहायची लाज वाटत होती म्हणून असेल. वायरलेस लागला तर लटारू आधीपासूनच बोलत होता. त्याचा आवाज बसला होता. तासभर तो कोणी ऐकत नसताना बोलत होता.

"...हवा फिरली. आग नाल्याकडं चालली. बाया नाल्यातच आहेत. त्याइले नाल्यानं नोका आणू, वरच्या गाडीरस्त्यानं काढा. कोणी हाय का तिथी? हवा फिरली, हवा फिरली..."

श्रावणने ते साहेबांच्या जीपला सांगितलं. लटारू वरून सांगत गेला, डावीकडे, अजून वर, आता थांबा, आणि श्रावण तेच खाली सांगत गेला. पाऊण तास. मग लटारू म्हणाला, "सात मोजल्या. सातबी रस्त्यावर." आणि पुढे नुसती खरखर ऐकू आली, त्याने बटण दाबूनच ठेवलं होतं बहुतेक.

चार वाजता बाया गावात आल्या. मनकर्णाबाई सगळ्यांत पुढे, तोंड काळं, डोक्यावर भरलेली टोपली. साहेबावर रागावली होती. "टोपली टाकून पळा म्हणे. सकाळपासून वेचली, टाकाले सोपी आहे का!"

गुरुवार, १० एप्रिल

आज दुकान उघडायच्या आधी खुर्शीदाला विचारलं, "कधीपासून?"

"सुकलूभाऊच्या टीव्हीपासून. तुमी झोपाले जात तवा."

"एकटीच?"

"नाई. पोस्टातली रीता येऊन बसे मेन स्विचजवळ. तिचे चार ब्लाऊज फुकट शिवून दिले."

"मले काऊन नाई सांगितलं?"

ती चहा गाळत होती. "तुमी विचारलंच नाई. तुमी म्हणे आरामानं होते. एवढे खूश होते, मी म्हटलं राहू द्या." मग भांडं खाली ठेवून म्हणाली, "अन् सांगून का करू? लोकांले सांगू, तुमी भेता म्हणून? ते भ्याचीच वस्तू आहे. मी नाई भेत का? दरवेळी भेते. म्हणून तं चिठ्ठी पाहून करते. ज्याले भेव नाई वाटत त्याच्याजवळ मी मेन स्विच पाडाले उभी नाई राहणार."

मी चहाचा कप ओढून घेतला. मग विचारलं, "अन् उंदीर?"

"कोणते उंदीर?"

मंगळवार, १५ एप्रिल

सकाळपासून सात जण आले. सातही जणांनी दारातून विचारलं, "बाई आहे का?" मी म्हणालो, मी आहे न. तर म्हणाले, नाई, बाई आली की येतो. सुकलू म्हणतो, कय्यूमभाऊचा हात न लावण्याचा गुण खराच होता.

हसलो. आधी थोडा राग आला, मग हसलो.

सोमवार, २१ एप्रिल

आज मी उघडला.

एका शिक्षकाचा टीव्ही होता. मी अंगठी काढली, अकरा वर्षांनी, साबण लावून. चटईवर उभा राहिलो. डावा हात पाठीमागे नेला, पण त्याला धरायला वेणी नव्हती, म्हणून पायजम्याची नाडी धरली. खुर्शीदा मेन स्विचजवळ उभी होती, दातांत सुई धरून.

"प्लग?"

"टेबलावर."

"बल्ब."

पेटला, विझला. माझे डोळे मिटले होते, तिने सांगितलं म्हणून कळलं.

"मीटर."

शून्य.

"परत."

शून्य.

"आता लावा हात."

हात मनगटापासून थांबला. तिने घाई केली नाही. बाहेर सुकलूच्या टपरीवर कोणीतरी चहाला ओरडत होतं. मी श्वास घेतला आणि बोट त्या काळ्या कॅपेसिटरवर टेकवलं.

काही झालं नाही.

मी बोट उचललं आणि पुन्हा टेकवलं. काही झालं नाही. खालच्या टोकांनाही लावून पाहिलं. मग सगळी पाच बोटं ठेवली, बैलाच्या वशिंडावर ठेवावी तशी.

"अजी," खुर्शीदाने दातांतली सुई काढली, "दिवसभर हातच लावत राहता का? काढा न तो हात, अन् दुरुस्त करा सेट. मास्तर पाचले येते."